समता वसाहतीचे बत्तीस कागद

खोटा भरलेला फॉर्म संघमित्रा इंगळेला लांबून ओळखू यायचा. सव्वीस वर्षं ती तेच करत होती. पाहणी करणाऱ्या तिच्या कंपनीची बायका-माणसं घरोघर जाऊन प्रश्न विचारून येत, कागद भरून आणत, आणि ते कागद खरे की टपरीवर चहा पीत रंगवलेले, हे ठरवायचं काम तिचं. टपरीवरचा कागद फार स्वच्छ असतो, असं ती नव्याने लागलेल्यांना सांगायची. खऱ्या घरात मध्येच मूल रडतं, कुकरची शिट्टी होते, माणूस आधी तीन म्हणतो आणि मग चार म्हणतो, त्यामुळे कागदावर खाडाखोड होते. जिथे खाडाखोडच नाही तो गठ्ठा तिने बाजूला काढावा आणि तो दहातल्या नऊ वेळा खोटा निघावा, इतका तिचा हात बसलेला होता.

या वेळचं काम मोठं होतं. घरं विकणाऱ्या एका वेबसाइटला उपनगरांतल्या साठ वस्त्यांची जीवनमान क्रमवारी हवी होती. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर. कुठे राहणं उत्तम, कुठे बरं आणि कुठे नकोच, याची एक ते साठ अशी यादी. शंभरातले साठ गुण ज्याला पैसा लागतो अशा गोष्टींना होते, म्हणजे उत्पन्न, पाणी, स्वतःचा संडास, गाडी, एसी, जवळपास चांगला दवाखाना. उरलेले चाळीस माणसांना. शेजार कसा आहे, विश्वास कुणावर टाकता, एकटं वाटतं का, मुलंबाळं भेटतात का. हा दुसरा भाग घरातल्या माणसाने एकट्याने बसून भरायचा आणि पाकिटात घालून पाकीट चिकटवून द्यायचं. शेजारी आपल्याला हिंग लावूनही विचारत नाही, हे परक्या बाईसमोर कोण कबूल करणार? म्हणून त्या पाकिटावर लाल अक्षरात 'गोपनीय' असं छापलं होतं.

शुक्रवारी दुपारी अंधेरीच्या ऑफिसात समता वसाहत, घाटकोपर, असं लिहिलेला गठ्ठा तिच्या टेबलावर आला. बत्तीस घरं, आकडे कॉम्प्युटरवर चढवून पाकिटांतून काढलेले बत्तीस कागद. तिने भरभर कोपरे चाळले. सगळे एकाच हाताने, एकाच निळ्या शाईने भरलेले, आणि खाडाखोड नावाला नाही. सवयीने तिने गठ्ठा बाजूला सारायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. ते अक्षर तिच्या ओळखीचं होतं. प्रत्येक कागदाच्या शेवटी, उरलेल्या जागेत मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून एक तिरकी रेघ मारली होती. अशी रेघ मारणारा एकच माणूस तिला माहीत होता, आणि तो तिचा बाप होता.

अंबादास इंगळे. वय एकोणऐंशी. जालन्याकडून मुंबईत आले, मुलुंडच्या जकात नाक्यावर शिपाई म्हणून चिकटले आणि कारकून म्हणून निवृत्त झाले. समता वसाहतीतले पहिले मॅट्रिक. संघमित्राने गठ्ठा तिथेच बंद केला, पुढे वाचला नाही, आणि तो गठ्ठा आणणाऱ्या जानकीला फोन लावला. जानकी कंपनीत आठ वर्षं प्रश्न विचारण्याचं काम करत होती आणि आजवर तिच्या कामात खोट निघाली नव्हती.

"मॅडम, आईशप्पथ मी नाही भरले," जानकी म्हणाली. "पाकिटं वाटली, एकेकाला बजावलं, एकट्याने भरा, कुणाला दाखवू नका. दुसऱ्या दिवशी घ्यायला गेले तर अख्खी वसाहत ओट्यावर. एक आजोबा मोठ्याने प्रश्न वाचतायत, लोक मोठ्याने उत्तरं देतायत, आजोबा लिहितायत. मी म्हटलं, आजोबा, हे गोपनीय आहे. तर म्हणाले, बाई, म्हणूनच तर माझ्याकडे आणलंय."

संघमित्राला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिला नियम आठवला. तो तिनेच लिहिलेला होता. एका हाताने भरलेला गठ्ठा बाद. आणणारीचं नाव तीन वर्षं यादीतून कट. आणि फाइलवर शेरा मारायचा, 'बनावट'.

तेवढ्यात अनिरुद्ध लॅपटॉप घेऊन आलाच. तो तिचा साहेब, तिच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान, हुशार, आणि वाईट तर मुळीच नव्हता. त्याने तिला आलेख दाखवला. साठ वस्त्यांचे साठ ठिपके. डावीकडे खाली गरीब वस्त्या, उजवीकडे वर श्रीमंत, आणि त्यांच्या मधून तिरकी वर चढत गेलेली एक रेषा. उत्पन्न वाढलं की समाधान वाढतं, शेजारावरचा विश्वाससुद्धा वाढतो, असं ती रेषा सांगत होती. एकोणसाठ ठिपके तिच्या आसपास शहाण्यासारखे बसले होते. साठावा डाव्या कोपऱ्यात अगदी वर, एकटाच.

"समता वसाहत," अनिरुद्ध म्हणाला. "पैशाच्या साठात अकरा मार्क आणि माणसांच्या चाळिसात अडतीस. हे होतच नाही ना. आणि हे बघा, 'अचानक आजारी पडलात तर तासाभरात मदतीला येतील अशी घरं किती?' बत्तीसच्या बत्तीस लोकांनी एकतीस लिहिलंय. मॅडम, माझ्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत, मला एकाचं नाव माहितीय. हा ठिपका सगळ्या आलेखाची वाट लावतोय. काढून टाका यार."

जानकीने सांगितलेलं ओट्यावरचं सगळं तिने त्याला सांगितलं. "लोक खरं बोलले असतील तर?"

"ओट्यावर सगळ्यांच्या देखत? शेजारी शेजारीच बसलाय आणि कोण म्हणणार की तो नालायक आहे?"

हे मात्र बरोबर होतं. तिने फेरतपासणी मागून घेतली, बाद ठरणाऱ्या गठ्ठ्याला नियमाने तेवढी एकच संधी होती. म्हणजे गठ्ठ्यातली दहा टक्के घरं कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, तपासणीसाने स्वतः जाऊन दार लावून तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, आणि त्यानंतरच ऑफिसने पुन्हा चिकटवून दिलेलं पहिलं पाकीट फोडून उत्तरं ताडून बघायची. शंभरात तीनपेक्षा जास्त उत्तरं चुकली तर गठ्ठा बाद. बत्तिसातली तीन घरं निघाली, चार, अकरा आणि सव्वीस. सव्वीस नंबर तिच्या बापाचा होता. नियमाने तिने तिथेच सांगायला हवं होतं की या घरी दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. ती बोलली नाही. बाबांच्या अक्षराला बनावट म्हणायचंच झालं तर ते परक्याने म्हणू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

रविवारी सकाळी ती मुलुंडहून रिक्षाने निघाली. वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर. एप्रिलमध्ये जयंतीला ती आली होती, त्यानंतर नोव्हेंबर संपत आला तेव्हा आजच. मध्ये फोन होते. एक दिवसाआड, रात्रीचं जेवण झाल्यावर, चार मिनिटं. गोळी घेतली का, घेतली, जेवलात का, जेवलो. यायचं दर आठवड्याला ठरायचं आणि दर आठवड्याला काहीतरी निघायचं. मुलाची परीक्षा, नवऱ्याची बदली, सोसायटीची मीटिंग. बाविसाव्या मजल्यावरचा तिचा फ्लॅट ज्या वस्तीत होता ती वस्ती यादीत नववी होती. पोहायचा तलाव, चोवीस तास पाणी, गेटवर तीन वॉचमन. बाबांना तिने तिथे राहायला नेलं होतं, आई गेल्यावर. अकरा दिवस राहिले. बाराव्या दिवशी पिशवी भरली आणि म्हणाले, "घर झकास आहे मित्रा. पण इथे कुणाला कसला अर्जच भरायचा नसतो."

तेव्हा ती चिडली होती. आता रिक्षातून उतरून वसाहतीच्या तोंडाशी उभी राहिली तेव्हा तिला तो ओटा दिसला आणि राग कुठच्या कुठे गेला.

विहाराला लागून असलेला हा ओटा म्हणजे तिचं लहानपण. रविवारी वंदना झाली की अंबादास तिथे पाट टाकून बसायचे, मांडीवर फळी, शेजारी शाईची दौत. रेशनकार्ड, शाळेचा प्रवेश, गॅसचा नंबर, म्युनिसिपालटीतल्या नोकरीचा अर्ज, गावी भावाला पत्र. वसाहतीत कुणालाच धड लिहिता येत नव्हतं तेव्हापासून ही रीत पडली, आणि पोरं पदवीधर झाली तरी ती मोडली नाही. कागद आला की अंबादासभाऊंकडे न्यायचा. बापाचं विचारणं मोठ्या आवाजात, आणि सांगणाऱ्याचं सांगणंही. "नवरा काय करतो? दारू पितो ते नको सांगू, काम काय करतो ते सांग." ओटाभर हशा. कुणाचं वय किती, पगार किती, मुलं किती झाली आणि किती गेली, या वसाहतीत काही म्हणून लपून राहिलं नाही. सात वर्षांच्या संघमित्राकडे शाईचं पॅड असायचं. ती बायकांचे अंगठे धरून पॅडवर टेकवायची, कागदावर दाबायची आणि मग रॉकेलच्या चिंधीने पुसून द्यायची. रॉकेलचा तो वास, ऊन लागून तापलेली फरशी, कुणीतरी तिच्या हातावर ठेवलेला गुळाचा खडा. त्या वयात तिला वाटायचं, जगात आपल्या बाबांपेक्षा मोठा साहेब नाही. आज तिच्या हाताखाली चाळीस माणसं होती आणि तिला मनापासून वाटलं, तितकं मोठं आपल्याला कुणी कधी मानलं नाही.

फी मात्र कसली नव्हती. आणि एक अट होती. खोटं लिहायचं नाही. "सही तुझी असेल, अक्षर माझं आहे," असं म्हणून अंबादासांनी कित्येकांचे कागद परत केले होते.

त्या अटीचा फटका तिलाही बसला होता. बारावीला ती पहिल्या वर्गात आली. कॉलेजची फी माफ व्हायला बापाचं उत्पन्न एका आकड्याच्या आत असावं लागायचं, आणि त्या वर्षी थकलेला भत्ता मिळाल्याने ते नव्वद रुपयांनी वर गेलं. नाक्यावरच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं, भत्ता धरू नका, कोण बघतंय. अंबादासांनी धरला. फीमाफी गेली. ती दिवसा एका दुकानात बसून संध्याकाळच्या कॉलेजात शिकली, आणि दोन महिने बापाशी बोलली नाही. तिची मैत्रीण, जिच्या बापाने भत्ता धरला नव्हता, ती दिवसाच्या कॉलेजात गेली आणि पुढे डॉक्टर झाली. हे संघमित्राने कधी बोलून दाखवलं नाही आणि कधी विसरलीही नाही. नव्वद रुपयांसाठी सुद्धा पोरीकरता खोटं न लिहिणारा माणूस, असा तो तिच्या मनात कायमचा बसला होता, थोडा अभिमानाने आणि बराचसा रागाने.

चार नंबर म्हणजे शांताबाई. आईची जिवाभावाची मैत्रीण, नवरा जाऊन पाच वर्षं झालेली.

"आलीस का गं?" शांताबाई दारातच म्हणाली. "सापडला का रस्ता?"

"मावशी, कामाने आलेय. दार लावून बसू."

"म्हणजे कामाने आलीस," शांताबाई म्हणाली आणि तिने दार लावलं.

दार लागल्याबरोबर तोंड सुटलं. समोरचा खंडू पाण्याची मोटार आधी लावतो. खंडूचा नातू जिन्यापाशी गाडी आडवी घालतो. खंडूच्या बायकोच्या हाताला चव नाही. संघमित्रा ऐकून घेत होती आणि तिला वाटलं, झालं, अनिरुद्धचंच खरं. मग तिने तो प्रश्न विचारला. अचानक आजारी पडलात तर कुणाला हाक माराल?

"खंड्याला. अजून कुणाला?"

"आणि मदतीला येतील अशी घरं किती?"

"एकतीस. बत्तीस खोल्या, त्यातली माझी सोडून. तुला वजाबाकी येत नाही होय?"

"सगळी येतील?"

"खंड्या येईल आणि वर भांडेल. पण येईल."

"एकटं वाटतं का मावशी?"

शांताबाईने पदराने उगाच टेबल पुसलं. "वाटतं. हे गेल्यापासून दुपारच्याला फार वाटतं."

संघमित्राने पाकीट फोडलं. बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हो. दुपारी.' भांडण होतं का, याच्यापुढे होतं, 'रोज. खंडूशी.'

"हे तुम्ही सगळ्यांच्या देखत सांगितलंत?"

"त्यात काय लपवायचंय? खंड्याला ठाऊक नाही का, कोण भांडतंय त्याच्याशी?"

अकरा नंबरला खंडू. बस डेपोतून निवृत्त झालेला, गुडघे गेलेले. त्यानेही आधी, "काय मॅडम, वाट चुकली वाटतं," असा टोमणा मारून घेतला, मग शांताबाईला दार लावून मनसोक्त शिव्या दिल्या आणि आजारपणात हाक मारायला पहिलं नाव तिचंच सांगितलं. पाकिटातलं एकूण एक उत्तर जुळलं. ऐंशी प्रश्न झाले होते आणि एकातही चूक नव्हती. सव्वीस वर्षांत तिच्या हाताखालून इतका खरा कागद गेला नव्हता, आणि तो नेमका नियम मोडून भरलेला होता. जानकी वाचली होती. बाबांचं अक्षर वाचलं होतं. आता एकच घर राहिलं.

अंबादासांना ती येणार हे कुणीतरी आधीच पोचवलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. तिने पिशवी खाली ठेवून पायांना हात लावला.

"ओळखपत्र?" ते म्हणाले.

"बाबा."

"घरात येणाऱ्या प्रत्येक तपासणीसाचं बघायचं असतं. तुझ्याच कागदावर छापलंय."

तिने गळ्यातलं कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून ते अथपासून इतिपर्यंत वाचलं, मान हलवली, आणि उठून स्वतः दार लावलं. मग पैशाचे प्रश्न झाले. पाणी दिवसाला एक तास. संडास सार्वजनिक, आठ घरांना एक.

"हे शून्य मार्कांचंच आहे," ते म्हणाले. "मी तसंच सांगतो सगळ्यांना. शेजार चांगला आहे म्हणून संडासाला रांग लावणं गोड लागत नाही. तुझ्याकडे चोवीस तास पाणी आहे, ते चांगलंच आहे. पैसा असावा माणसाकडे. मी काय नको म्हणतोय?"

"मग आलेखात तुमचा ठिपका भलतीकडे का आलाय?"

"त्याला मी काय करू. विचारलं ते सांगितलं."

एकतीस घरं. भांडण कधीमधी. विश्वास सगळ्यांवर, चिट फंड चालवणाऱ्या एकाला सोडून. ती लिहीत गेली. बाहेर पोरं खेळत होती, कुणाच्या तरी घरी लसणाची फोडणी पडली होती, आणि तिला वाटलं की हे असंच दुपारपर्यंत चालावं, आपण विचारावं आणि त्यांनी सांगावं. पुढचा प्रश्न तिने वाचला तोही त्याच आवाजात, काय वाचतोय ते ध्यानात यायच्या आत.

"वेगळी राहणारी मुलं किती दिवसांनी भेटायला येतात?"

अंबादासांनी खिडकीकडे पाहिलं.

"दर रविवारी," ते म्हणाले.

तिचं पेन थांबलं. तिला वाटलं, वयामुळे गोंधळले असतील. फोनबद्दल बोलत असतील.

"बाबा, भेटायला. मी एप्रिलनंतर आज आलेय."

"मला माहितीय."

मग त्यांनी चष्मा काढून हातात घेतला आणि सांगायला लागले, खिडकीकडेच बघत.

"सगळ्यांचे झाले आणि शेवटी माझा भरायला घेतला. सवय आहे ना, माझा प्रश्नही मोठ्यानेच वाचला. वाचला आणि मग लक्षात आलं काय वाचलं ते. ओटा भरलेला होता. सगळे बघत होते. तोंडातून निघून गेलं, दर रविवारी." त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. "शांता शेजारीच बसली होती. ती रोज संध्याकाळी इथे येऊन बसते, तिला काय माहीत नाही? ती म्हणाली, लिहा भाऊ, दर रविवारी. खंडू म्हणाला, येते की, मी बघतो ना तिला येताना. मागून कुणीतरी म्हणालं, फळं घेऊन येते. सगळ्यांनी माना हलवल्या. मग मी लिहिलं."

संघमित्राला समोरचा कागद दिसेना. सकाळी दारात तिला टोचून बोललेली ती दोन माणसं, आणि ओट्यावर तिच्यासाठी साक्ष देणारी तीच दोन माणसं. तिच्या तोंडावर बोलायचं ते बोलली. तिच्या माघारी त्यांनी तिला फळं घेऊन दर रविवारी आणलं होतं. आणि ज्याने नव्वद रुपये झाकले नाहीत त्याने हे झाकलं होतं. तिला बापाच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं, आणि एक्कावन्नाव्या वर्षी तेही जमेना.

"ते खोटं आहे," अंबादास म्हणाले. "काढून टाक मित्रा. अक्षर माझं आहे."

"पहिला कागद बदलता येत नाही बाबा. खरं असेल ते माझ्या कागदावर लिहायचं असतं."

"मग लिही."

तिने पाकीट फोडलं नसतं तरी चाललं असतं, पण नियम होता म्हणून फोडलं. 'दर रविवारी', नीट, वळणदार, इतर उत्तरांसारखंच. तिने आपल्या कागदावर लिहिलं, 'साडेसात महिन्यांनी'. एकशे वीस उत्तरांत हे एक चुकलं होतं. गठ्ठा खरा ठरत होता, समता वसाहतीचा ठिपका आता कुणाला काढता येणार नव्हता. फक्त चुकलेल्या उत्तरापुढे कारण भरायचं राहिलं. तिथे चार कारणं छापलेली होती, त्यातल्या एकावर खूण करायची. प्रश्न समजला नाही. आठवण राहिली नाही. उत्तर देण्याची भीती वाटली. इतर.

बाबा बघत होते. तिने 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या रिकाम्या ओळीत, उद्या अनिरुद्ध हे वाचणार हे माहीत असताना, सावकाश अक्षर काढत लिहिलं: 'तपासणीस ही उत्तर देणाऱ्याची मुलगी आहे. वडिलांनी आणि एकतीस घरांनी तिची लाज राखली.'